पितळ, कथील आणि निर्वात : अवकाशातील झिजेच्या अभ्यासाची प्रस्तावना

भंडारा जिल्ह्यातील माणसाला धातूंची गोष्ट अगदी पहिल्या धड्यापासून सांगावी लागत नाही. भंडारा शहराचे नाव पितळी भांड्यांच्या धंद्याशी पिढ्यान्‌पिढ्या जोडलेले आहे. तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मॅंगनीज निघते. डोंगरी बुजुर्गचे मॅंगनीज डायऑक्साइड कोरड्या सेलच्या कारखान्यांपर्यंत जाते. वरठीला खास प्रतीचे पोलाद तयार होते, जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे, आणि पोहरा परिसरात सिलिमनाइट-कायनाइटसारखी, भट्टीच्या आचेला दाद न देणारी खनिजे सापडतात. पृथ्वीपासून शेकडो किलोमीटर उंचीवर पदार्थ आणि त्यांवरचे लेप कसे झिजतात, या विषयाची प्रस्तावना अशा जिल्ह्यातल्या वाचकाला समोर ठेवून लिहिणे मला मुळीच आडवळणाचे वाटत नाही. विषय दूरचा आहे, पण त्याचे पहिले प्रश्न आपल्या स्वयंपाकघरात विचारले जात आले आहेत.

पितळी गंजात ताक ठेवले की ते कळकते. म्हणून भांड्याला आतून कल्हई लावायची. कल्हईवाला भांडे विस्तवावर तापवतो आणि नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर उठतो आणि पृष्ठभागावरचा ऑक्साइड निघून जातो. मग तो कथलाची कांडी टेकवतो, आणि कथील वितळले की कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे फिरवतो. लेपनशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम या पाच मिनिटांच्या कामात येऊन जातो. पृष्ठभाग स्वच्छ असल्याशिवाय लेप धरत नाही. लेप फार जाड असून चालत नाही आणि फार पातळ असूनही भागत नाही. शिवाय लेप झिजणारच. तो पुन्हा लावावा लागतो.

आता याच दोन धातूंचे अवकाशात काय होते ते पाहावे. पितळात तांब्याबरोबर जस्त असते, आणि निर्वातात जस्त टिकून राहत नाही. साध्या हवेच्या दाबाखाली जस्त उकळायला 907 अंश सेल्सिअस तापमान लागते. पण भोवती हवाच नसेल तर ते वितळण्याच्या कितीतरी आधी, घन अवस्थेतूनच वाफ होऊन उडू लागते. उघड्या जस्ताचा पृष्ठभाग निर्वातात 127 अंशांना वर्षाकाठी साधारण 10 मायक्रॉन झिजतो आणि 177 अंशांना जवळजवळ एक मिलिमीटर. उडालेले जस्त नाहीसे होत नाही. ते जवळच्या थंड भागावर, म्हणजे एखाद्या भिंगावर किंवा विद्युतरोधकावर, जाऊन बसते. त्यामुळे अवकाशयानांच्या साहित्याचे नियम करणारे लोक जस्त आणि कॅडमियम यांना बहुधा दारातच अडवतात, आणि पितळ वापरायचे तर त्यावर दुसऱ्या धातूचा मुलामा मागतात.

कथलाची गोष्ट आणखी चमत्कारिक आहे. शुद्ध कथलाच्या लेपातून, कोणी काही न करता, महिन्या-वर्षांत केसासारखे बारीक स्फटिक उगवतात. त्यांची जाडी काही मायक्रॉन असते आणि लांबी काही मिलिमीटरपर्यंत जाते. लेपात साठलेला ताण अशा रीतीने बाहेर पडतो. असा एक केस शेजारच्या तारेला टेकला की शॉर्ट सर्किट झालेच. हवेत तो बहुधा जळून जातो आणि विषय संपतो. पण निर्वातात त्याची वाफ होऊन तिच्यातून मोठा प्रवाह वाहू शकतो. 19 मे 1998 रोजी गॅलेक्सी-4 हा दळणवळण उपग्रह भरकटला आणि अमेरिकेतील बहुसंख्य पेजर एका दिवसात मुके झाले. त्याच्या नियंत्रण यंत्रणेतील बिघाडाचे खापर शेवटी कथलाच्या अशाच केसांवर फुटले. आज अवकाशातील इलेक्ट्रॉनिक्ससाठी कथलात किमान 3 टक्के शिसे मिसळण्याचा आग्रह धरला जातो, कारण तेवढ्या शिशाने ही केसांची वाढ बरीच आटोक्यात येते. शिसे घरच्या भांड्यात विष ठरते आणि उपग्रहात राखणदार.

या विषयाबद्दल मला जे सांगायचे आहे ते इथेच निम्मे सांगून झाले. चांगला पदार्थ असा काही नसतो. कोणत्या ठिकाणी, कशासमोर आणि किती दिवस, हे विचारल्याखेरीज पदार्थाच्या चांगुलपणाला अर्थ नाही. वाचकांनी पुढील पानांत कोणतेही उदाहरण आले तरी हे तीन प्रश्न हाताशी ठेवावेत.

अवकाश म्हणजे रिकामी, थंड, निवांत जागा असा आपला एक समज असतो. प्रत्यक्षात ‘अवकाश’ ही एक जागाच नाही. चारशे किलोमीटरवरच्या कक्षेत पातळ का होईना वातावरण आहे. छत्तीस हजार किलोमीटरवरच्या भूस्थिर कक्षेत वातावरण नाही, पण इलेक्ट्रॉनांचा मारा आहे. आदित्य-एल1 हे भारताचे सौर यान जिथे उभे आहे तिथे पृथ्वीची सावलीही पोहोचत नाही, ऊन अखंड. चंद्रावर चौदा दिवसांची रात्र आहे आणि वस्तऱ्यासारख्या धारेची धूळ आहे. एका ठिकाणी वर्षानुवर्षे टिकलेला लेप दुसऱ्या ठिकाणी काही महिन्यांत निकामी होऊ शकतो. म्हणून या विषयात शिरताना पदार्थाच्या नावाआधी कक्षेचे नाव विचारायची सवय लावून घ्यावी.

चांद्रयानाच्या छायाचित्रांत यानाभोवती गुंडाळलेला सोनेरी कागद तुम्ही पाहिला असेल. अनेकांना ते सोने वाटते. तो असतो पॉलिइमाइड जातीच्या प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा. त्याच्या मागच्या बाजूला ॲल्युमिनियमची वाफ बसवलेली असते, आणि प्लॅस्टिकच्या मूळच्या पिवळसर रंगातून ते ॲल्युमिनियम सोनेरी दिसते. कॅप्टॉन हे त्याचे बाजारातील प्रसिद्ध नाव. थंडी-उष्णता दोन्ही सोसणारा, किरणोत्साराला न बधणारा असा हा पदार्थ आहे, आणि अवकाश अभियंत्यांचा त्यावर फार भरवसा होता. तो भरवसा 1980 च्या दशकाच्या आरंभी डळमळला. स्पेस शटलच्या पहिल्या काही उड्डाणांनंतर परत आलेल्या कॅप्टॉनची चकाकी गेली होती. बारकाईने पाहिले तेव्हा पापुद्र्याची जाडीच कमी झालेली आढळली.

दोषी निघाला ऑक्सिजन. आपण श्वासात घेतो त्या ऑक्सिजनच्या रेणूत दोन अणू असतात. वर गेल्यावर सूर्याचे अतिनील किरण ही जोडी फोडतात, आणि साधारण दोनशे ते सहाशे किलोमीटरच्या पट्ट्यात सुटा, अणुरूप ऑक्सिजनच जास्त आढळतो. तो विरळ असतो, पण यान सेकंदाला सुमारे 7.7 किलोमीटर वेगाने त्यात घुसते. या वेगाने आदळणाऱ्या प्रत्येक अणूची ऊर्जा जवळपास 5 इलेक्ट्रॉन व्होल्ट भरते. कार्बन-कार्बन बंध तोडायला याहून कमी ऊर्जा पुरते. म्हणजे रासायनिक भूक आणि टक्कर दोन्ही एकाच वेळी.

इथे वाचकांनी कागद-पेन्सिल घ्यावी, कारण हिशेब शाळकरी आहे. कॅप्टॉनवर आदळणारा एक अणू सरासरी 3 गुणिले 10 चा उणे 24 वा घात इतके घन सेंटिमीटर पदार्थ खातो. हा आकडा या क्षेत्रात मापदंड मानला जातो. चारशे किलोमीटरच्या आसपास, सूर्य मध्यम सक्रिय असताना, पुढच्या बाजूच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सेकंदाला ढोबळमानाने 10 चा 14 वा घात इतके अणू आदळतात. गुणाकार करा: सेकंदाला 3 गुणिले 10 चा उणे 10 वा घात सेंटिमीटर. पापुद्रा 25 मायक्रॉन जाड असेल, तर तो संपायला साधारण 83 लाख सेकंद लागतील, म्हणजे जेमतेम तीन महिने. सूर्याच्या अकरा वर्षांच्या चक्रात वरचे वातावरण फुगते आणि आक्रसते, त्याप्रमाणे हा काळ खूप बदलतो. पण ‘अवकाशात काही खराब होत नाही’ या समजुतीला एवढा गुणाकार पुरेसा आहे.

मग यावर लेप द्यायचा. सिलिका, ॲल्युमिना, इंडियम-टिन ऑक्साइड हे पदार्थ मुळातच ऑक्सिजनशी जोडले गेलेले असल्याने त्यांना आणखी ऑक्सिजनचे भय नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या सौर पंखांतील कॅप्टॉनला दोन्ही अंगांनी सिलिकॉन ऑक्साइडचा असा लेप आहे. त्याची जाडी मायक्रॉनच्या सातव्या-आठव्या हिश्शाएवढी. प्रश्न सुटला असे वाटते, पण लेपात कुठेतरी सुईच्या अग्राहून बारीक छिद्र राहतेच. धुळीच्या कणामुळे, गुंडाळताना पडलेल्या चरामुळे किंवा सूक्ष्म उल्केमुळे. त्या छिद्रातून आत गेलेला अणू लगेच चिकटत नाही. तो आतल्या आत आपटत राहतो आणि दर टकरीला थोडे प्लॅस्टिक खातो. वर लेप शाबूत दिसतो, खाली पोकळी रुंदावत जाते, आणि एक दिवस लेप अधांतरी फाटतो. मला या सगळ्या विषयात हीच क्रिया सर्वांत शिकवणारी वाटते. कारण तिथे लेपाच्या पदार्थाला दोष देता येत नाही. दोष असतो कारागिरीत, आणि सगळा खर्च असतो छिद्रे मोजण्यात.

हे सगळे जमिनीवर बसून कळत नाही, वर ठेवलेली वस्तू परत आणावी लागते. अशा परत आलेल्या वस्तूंत एलडीईएफ या नावाच्या बारा बाजूंच्या, बसएवढ्या सांगाड्याला तोड नाही. एप्रिल 1984 मध्ये चॅलेंजर शटलने तो कक्षेत सोडला. त्यावर 57 प्रयोग होते आणि त्यांत हजारो नमुने. साधारण वर्षभराने तो परत आणायचा होता. वेळापत्रक लांबले, मग 1986 मध्ये चॅलेंजरचा अपघात झाला, आणि शेवटी जानेवारी 1990 मध्ये कोलंबियाने तो खाली आणला. सुमारे पावणेसहा वर्षे! नियोजनाच्या दृष्टीने ही आपत्तीच. अभ्यासाच्या दृष्टीने मात्र घबाड. सांगाडा एकच बाजू पुढे ठेवून फिरत होता, त्यामुळे पुढची आणि मागची बाजू यांतील फरक लख्ख दिसला. पुढच्या बाजूचे काही प्लॅस्टिक पापुद्रे पूर्ण नाहीसे झाले होते आणि त्यांच्या मागचे ॲल्युमिनियम तेवढे लोंबत होते. मागच्या बाजूला तेच पदार्थ बरेचसे शाबूत, फक्त उन्हाने काळवंडलेले.

महाराष्ट्रातील वाचकांना अभिमान वाटावा असे काम या बाबतीत पुणे विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात झाले. इस्रो आणि विद्यापीठ यांच्या संयुक्त अवकाश तंत्रज्ञान केंद्राच्या आधाराने तिथे अनेक वर्षे संशोधन चालले. व्ही. एन. भोरसकर, सुधा भोरसकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी प्लाझ्मातून कमी ऊर्जेचे ऑक्सिजन आयन काढून ते पॉलिइमाइड आणि टेफ्लॉनवर सोडले, आणि पृष्ठभाग कसा खडबडीत होतो, वजन किती घटते, पाणी कसे पसरते याच्या नोंदी केल्या. विद्यापीठाच्या मायक्रोट्रॉन यंत्रातील इलेक्ट्रॉनांचा मारा करून पदार्थांवरील प्रारणाचा परिणामही तिथे अभ्यासला गेला. अवकाशाचा एक तुकडा प्रयोगशाळेच्या टेबलावर उभा करण्याची ही खटपट आहे, आणि ती आपल्या विद्यापीठांच्या आवाक्यात बसते हे विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे.

अर्थात टेबलावरचे अवकाश खरे अवकाश नसते. प्लाझ्माच्या पात्रात ऑक्सिजनबरोबर अतिनील किरणही भरपूर असतात. एफईपी जातीचे टेफ्लॉन अशा पात्रात भराभर झिजते. कक्षेत मात्र ते कॅप्टॉनच्या मानाने फारच हळू झिजते. जमिनीवरच्या चाचणीवर डोळे झाकून विसंबले असते तर टेफ्लॉन बाद झाले असते. ते बाद झाले नाही. हबल दुर्बिणीच्या अंगावर 1990 मध्ये तेच चढवले गेले. ऑक्सिजनला ते पुरून उरले. पण फेब्रुवारी 1997 मध्ये अंतराळवीर दुरुस्तीला गेले, तेव्हा उन्हाच्या बाजूचे टेफ्लॉन तडकून सुटलेले दिसले. सूर्याचे क्ष-किरण आणि अतिनील किरण, त्यात इलेक्ट्रॉन-प्रोटॉनांचा मारा, आणि दीड तासाच्या प्रत्येक फेरीत तापणे-गारठणे. वर्षाला अशा पाच हजारांहून जास्त फेऱ्या. एकेकट्या कारणाला टेफ्लॉन दाद देत नव्हते. सगळी एकत्र आल्यावर ते ठिसूळ झाले. ज्यांना या क्षेत्रात पुढे संशोधन करायचे आहे, त्यांनी ही ‘सगळी एकत्र’ची अडचण आत्ताच मनाशी नोंदवावी. आजही सर्वांत कठीण काम तेच आहे.

पांढऱ्या रंगाचा प्रश्न त्या मानाने सोपा आहे, निदान मांडायला. उपग्रहाला उष्णता बाहेर टाकण्याचा मार्ग एकच, प्रारणाचा. म्हणून त्याच्या पृष्ठभागाचे दोन गुण मोजतात: तो सूर्यप्रकाश किती शोषतो आणि स्वतःची उष्णता किती सोडतो. नवा पांढरा रंग कमी शोषतो आणि भरपूर सोडतो. उन्हाने तो पिवळा पडत गेला की शोषण वाढते, यान तापते, आणि आयुष्याच्या अखेरीस बॅटऱ्या व उपकरणे सोसवेना इतकी गरम होतात. म्हणूनच अभियंता रंग निवडताना पहिल्या दिवसाचा आकडा बाजूला ठेवून शेवटच्या दिवसाच्या आकड्यावर हिशेब करतो. जस्ताचा ऑक्साइड पोटॅशियम सिलिकेटच्या बंधकात मिसळून केलेला रंग यात चांगला टिकला. वर ज्या जस्ताला दारात अडवले, तेच ऑक्साइड होऊन मानाने आत आले.

यानाला धोका नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. ते स्वतःच स्वतःला मळवते. गोंद, तारांवरची आवरणे, रबरी सील, रंग हे सगळे निर्वातात वाफा सोडतात, आणि त्या वाफा थंड आरशांवर बसतात. वर अतिनील किरण पडले की त्यांचा तपकिरी थर पक्का होतो. हे टाळण्यासाठी प्रत्येक पदार्थ 125 अंशांवर 24 तास निर्वातात ठेवून पाहतात. वजनातली घट 1 टक्क्याच्या आत आणि शेजारच्या 25 अंशांच्या पट्टीवर गोठलेला अंश 0.1 टक्क्याच्या आत असेल तरच साधारणपणे प्रवेश. ज्या दुर्बिणी अतिनील प्रकाशातच पाहतात त्यांच्यासाठी हे बंधन जीवन-मरणाचे. ॲस्ट्रोसॅट 28 सप्टेंबर 2015 रोजी उडाला. त्यावरील अतिनील दुर्बीण घडवण्यात बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेबरोबर पुण्याची आयुका आणि मुंबईची टीआयएफआर याही संस्था होत्या. त्या दुर्बिणीची झाकणे 30 नोव्हेंबरपर्यंत उघडलीच नाहीत. आधी यानाच्या अंगातल्या वाफा निघून जाऊ दिल्या. कोट्यवधींचे उपकरण वर जाऊन दोन महिने डोळे मिटून बसते. ही सबुरी मला फार आवडते. पुढे 2023 मध्ये आदित्य-एल1 वर गेलेली आयुकाची सूट ही सौर दुर्बीणही 200 ते 400 नॅनोमीटरच्या पट्ट्यातच पाहते, आणि तिच्या जुळणीतही स्वच्छतेचे सोवळे तितकेच कडक.

झीज म्हणजे नेहमी नुकसानच, असेही नाही. 29 एप्रिल 1985 रोजी चॅलेंजरमधून ‘अनुराधा’ नावाचे भारतीय उपकरण अवकाशात गेले. टीआयएफआरचे सुकुमार बिस्वास त्याचे प्रमुख होते. त्यात होत्या सीआर-39 प्लॅस्टिकच्या चकत्यांच्या चवडी. चष्म्याच्या काचा करतात तेच हे प्लॅस्टिक. विश्वकिरणांचा जड कण त्यातून गेला की वाटेवरचे बंध तुटतात. परत आणलेल्या चकत्या कॉस्टिक सोड्यात ठेवल्या की दुखावलेली वाट आधी झिजते आणि सूक्ष्मदर्शकाखाली शंकूच्या आकाराचे खड्डे दिसतात. त्यांच्या मापावरून कण कोणता हे ठरवता येते. खालची चवड वरच्या चवडीच्या संदर्भात सावकाश फिरत होती, त्यामुळे कण केव्हा आला तेही कळत होते. प्लॅस्टिकला झालेली इजा मोजून विश्वकिरणांचे शास्त्र उभे करणारा हा मुंबईचा प्रयोग या क्षेत्राच्या इतिहासात सहसा सांगितला जात नाही. तो सांगितला जायला हवा.

अवकाश कचऱ्याचा उल्लेख मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर मराठीत बरेच लेखन होते. लेपांशी त्याचा संबंध मात्र क्वचितच दाखवला जातो. ऊन आणि ऑक्सिजन यांनी जुन्या उपग्रहांचा रंग सुटून त्याचे कपचे मोकळे फिरतात. जून 1983 मध्ये अशाच एका कपच्याने चॅलेंजरच्या खिडकीला खळगा पाडला. कपचा मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढा होता, आणि खिडकी बदलावी लागली.

आता आपल्या शेजारची घटना. 2 एप्रिल 2022, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भापासून मध्य प्रदेशापर्यंत आकाशात जळत्या तुकड्यांची रांग जाताना लोकांनी पाहिली. पवनीहून नागभीडमार्गे ज्या सिंदेवाहीला जाता येते, त्या तालुक्यातील लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. परिसरात पोकळ गोळेही सापडले. चीनच्या चँग झेंग 3बी रॉकेटचा, फेब्रुवारी 2021 पासून फिरत असलेला तिसरा टप्पा तो असावा, असे जाणकारांनी कक्षेवरून ताडले. इस्रोचे शास्त्रज्ञ सिंदेवाहीला येऊन वस्तू पाहून गेले.

लोकांनी विचारलेला प्रश्न अगदी मोलाचा होता: सगळे जळते तर हे कसे उरले? ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळते, टायटॅनियम 1668 अंशांना. इंधनावर दाब देणाऱ्या वायूच्या टाक्या बहुधा टायटॅनियमच्या किंवा पातळ धातूवर कार्बनचे तंतू गुंडाळून केलेल्या असतात. शिवाय पोकळ गोळा आकाराच्या मानाने हलका, त्यामुळे तो विरळ हवेतच वेग गमावतो आणि फार तापण्याआधी मंदावतो. मोठ्या, पातळ कड्याचेही तसेच. वर असताना ज्या गुणांसाठी हे पदार्थ निवडले, ते गुण खाली येताना शेतात काम करणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतात. म्हणून आता काही अभियंते मुद्दाम लवकर वितळणाऱ्या टाक्यांच्या मागे लागले आहेत. याच्या उलट टोकाला भारताचे एसआरई-1 यान. जानेवारी 2007 मध्ये बारा दिवस कक्षेत राहून, नाकावर कार्बन-फिनॉलिकचे झिजणारे कवच आणि अंगावर सिलिकाच्या फरशा घेऊन ते बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरले. तिथे नाकावरचे कवच झिजण्यासाठीच नेमले होते. जळून जाताना ते उष्णता बरोबर घेऊन जाते.

पुढे कसे वाचावे याबद्दल थोडे. ज्यांचे भौतिकशास्त्र बारावीपर्यंत झाले आहे त्यांनी अणुरूप ऑक्सिजनपासून सुरुवात करावी. त्यात हिशेब लगेच जमतो आणि हुरूप येतो. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना बहुवारिकांचा भाग जवळचा वाटेल. यंत्र अभियांत्रिकीच्या मुलांनी तापणे-गारठणे आणि लेपाचे चिकटणे यांकडे आधी वळावे. निर्वाताचा भाग मात्र कोणी गाळू नये. तो वाचायला रुक्ष आहे, पण पुढच्या निम्म्या चुका तो न वाचल्याने होतात. आकडे पाहताना प्रत्येक वेळी तपासावे की नमुना यानाच्या पुढच्या बाजूला होता की मागच्या, सूर्याच्या चक्राचा कोणता काळ होता, आणि झीज वजनावरून काढली की जाडीवरून. या तीन गोष्टी न सांगणारा तक्ता कितीही देखणा असला तरी बाजूला ठेवावा.

मुंबईच्या आयआयटीच्या विद्यार्थ्यांनी ‘प्रथम’ आणि पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ हे उपग्रह 2016 मध्ये कक्षेत पोहोचवले. भंडारा, तुमसर, साकोलीच्या महाविद्यालयांतून असा उपग्रह लगेच निघेल असे मी म्हणत नाही. पण निर्वात पंप, तापवण्याची पट्टी आणि मिलिग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा तराजू असला तर एखाद्या गोंदाची वाफ मोजण्याचे काम महाविद्यालयातही होऊ शकते. पहिला नमुना म्हणून पितळेची पट्टी घ्यावी, अर्धी कल्हई केलेली आणि अर्धी उघडी, आणि तापवण्याआधी दोन्ही भागांचे छायाचित्र काढून ठेवावे.